ठोक आणि किरकोळ

माझा धंदा दुसऱ्यांच्या धंद्यांना जन्म देण्याचा आहे. तालुक्याच्या गावात कुणी किराणा मालाचे दुकान काढो, पिठाची गिरणी घालो, नाहीतर कर्ज काढून मंगल कार्यालय बांधो, त्या धंद्याचा पहिला टाहो माझ्या टेबलावर फुटतो. लोक मला कर सल्लागार म्हणतात. मी स्वतःला सुईण समजतो. अर्ज भरायचे, दाखले जोडायचे, फोटो चिकटवायचे आणि एक दिवस नोंदणीचा कागद मालकाच्या हातावर ठेवायचा. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो पहिलटकरणीच्या नवऱ्याच्या चेहऱ्यावरच्या आनंदासारखा असतो. त्यात थोडा अभिमान आणि पुष्कळशी भीती असते.

हा आनंद गोड असतो, हे मी अगदी शब्दशः सांगतो. पस्तीस वर्षांत माझ्या टेबलावर पेढ्यांची इतकी पुडकी आली आहेत की, आमच्या घरी साखरेचे पथ्य सुरू झाले त्याचे निम्मे श्रेय माझ्या पक्षकारांना आहे. खतांच्या दुकानवाल्याने पेढे दिले, दूधडेअरीवाल्याने खवाच आणून दिला. फक्त एका धंद्याच्या नोंदणीचे पेढे माझ्याकडे कधी आले नाहीत. तो धंदा म्हणजे दारूची ठोक विक्री.

तुम्ही म्हणाल, दिवाळीच्या दिवसांत हा कसला विषय काढलात? दारापुढे पणत्या लागल्या आहेत, ताटात करंजी आहे, आणि तुम्ही खोक्यांतल्या बाटल्या मोजता! पण ज्या घराची गोष्ट मी सांगणार आहे त्या घरीही करंज्या होतात, आणि त्या उत्तम होतात.

आधी त्या कायद्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण इतका गमतीदार कायदा आपल्याकडे दुसरा नसेल. महाराष्ट्रात दारू विकायची असेल तर परवाना ज्या कायद्याखाली घ्यावा लागतो त्याचे नाव आहे दारूबंदी कायदा. तो १९४९ चा. त्या वेळी मुंबई राज्याचे गृहमंत्री मोरारजी देसाई होते, आणि १९५० साली राज्यभर पुरी दारूबंदी आली. पुढे १ मे १९६० रोजी राज्याची वाटणी झाली, तेव्हा भांड्याकुंड्यांप्रमाणे हा कायदाही दोन्ही भावांच्या वाट्याला आला. गुजरातने त्याच कायद्याने बंदी चालू ठेवली. महाराष्ट्राने त्याच कायद्यातल्या परवान्याच्या दारातून हळूहळू माणसे आत घ्यायला सुरुवात केली. आजही वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे त्याच कायद्याने कोरडे आहेत. चंद्रपूर जिल्हा त्याच कायद्याने २०१५ साली कोरडा झाला आणि २०२१ साली पुन्हा ओला झाला. एकाच घराला एकच कुलूप लावावे आणि त्याच्या शंभर किल्ल्या करून वाटाव्यात, तसे हे आहे.

ह्या किल्ल्यांना नंबर आहेत. विदेशी मद्याच्या ठोक व्यापाऱ्याची एफ. एल. एक, बाटलीबंद विकणाऱ्या दुकानदाराची एफ. एल. दोन, परमिट रूमची एफ. एल. तीन. देशी दारूसाठी १९७३ चे वेगळे नियम आहेत. त्यांत ठोक विक्रीची सी. एल. दोन आणि किरकोळ विक्रीची सी. एल. तीन. सरकारी मराठीत परवान्याला अनुज्ञप्ती म्हणतात. हा शब्द इतका सोवळा आहे की, तो उच्चारताना आपण संध्या करीत आहोत असे वाटते.

आणि ही अनुज्ञप्ती हक्काची नव्हे. किराणा विकणे हा माझा हक्क आहे असे वाणी म्हणू शकतो. दारूवाल्याला तसे म्हणता येत नाही. दारूचा व्यापार करण्याचा मूलभूत हक्क कुणालाही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत सांगितले आहे. राज्यघटनेचे सत्तेचाळिसावे कलम तर सरकारने दारूबंदीच्या दिशेने जावे असेच सांगते. म्हणजे सरकार ह्या धंद्याला घरात घेते ते आश्रितासारखे. वर्षाची मुदत, १ एप्रिल ते ३१ मार्च. दर वर्षी फी भरा, दर वर्षी विचारा, 'राहू का?' २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा साऱ्या धंद्यांची जुनी विक्रीकराची खाती मोडली. पिण्याची दारू मात्र त्या पंगतीत बसवली नाही. ती अजून जुन्या व्हॅटच्या पाटावर वेगळी बसते. माझ्या कपाटात व्हॅटच्या फायली आता फारशा उरल्या नाहीत. त्यांतली एक माझ्या मित्राची.

हा मित्र देशी दारूचा ठोक व्यापारी होता. शाळेपासूनचा माझा सोबती. दारूचा थेंब त्याने आयुष्यात घेतला नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा. त्याचे गोदाम पाहायला मी प्रथम गेलो तेव्हा माझी थोडी निराशाच झाली. दारूचे गोदाम म्हणजे तेथे काहीतरी उग्र, पापी, निदान वास तरी येणारे असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तेथे वास होता तो पुठ्ठ्याचा आणि उंदरांच्या औषधाचा. खोक्यांवर खोकी रचलेली. उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्काची ही देशी दारू. तिला संत्र्याचा स्वाद, आणि लेबलावर संत्रेही काढलेले. खोबरेल तेलाचे किंवा सरबताचे गोदाम म्हणून कुणी दाखवले असते तर मी विश्वास ठेवला असता. एका खोक्यात एकशेऐंशी मिलिलिटरच्या अठ्ठेचाळीस बाटल्या. कारखान्याची गाडी येई, तिच्याबरोबर वाहतुकीचा पास असे. पासवरचा आकडा, खोक्यांचा आकडा आणि नोंदवहीतला आकडा जुळला की माल आत. मग तोच माल दुकानदारांच्या टेंपोंत बाहेर, पुन्हा पासासह. ह्या साऱ्या प्रवासात बाटलीचे बूच कुणी उघडत नाही. दारू कशासाठी असते ह्याचा पत्ता त्या गोदामाला लागतच नाही.

ठोक व्यापाराची खरी सोय ही आहे, असे मला वाटते. त्यात माल असतो, माणूस नसतो. किरकोळ दुकानदाराला निदान गिऱ्हाइकाचा थरथरता हात दिसतो. ठोक व्यापाऱ्याला दिसते ते चलन. माझ्या मित्राच्या मुलीसाठी स्थळे पाहायला सुरुवात झाली तेव्हा तिच्या माहितीच्या कागदावर त्याने लिहिले, 'वडील : ठोक व्यापारी.' कशाचे ते लिहायला जागा नव्हती असे नाही. गणपतीच्या वर्गणीत सगळ्यांत मोठा आकडा त्याचा असे, आणि पावतीवर नाव असे 'एक हितचिंतक'. २ ऑक्टोबरला कायद्याने गोदाम बंद. त्या दिवशी तो ते धुऊन घेई.

लक्ष्मीपूजनाला मी त्याच्या गोदामात हटकून जात असे. तेथल्या पूजेची एक गंमत सांगतो. इतर व्यापारी चोपडीवर हळदकुंकू वाहतात, स्वस्तिक काढतात. ह्याची नोंदवही तपासणीची; तिच्यावर कुंकवाचा ठिपका पडला तर निरीक्षक साहेबांना काय सांगणार? म्हणून पूजेसाठी तो दर वर्षी एक कोरी, दोनशे पानी वही वेगळी आणत असे. पूजा झाली की ती वही मुलीला शाळेत वापरायला मिळे. लक्ष्मीच्या वहीत त्या मुलीने आपले बीजगणित केले.

२०२२ च्या श्रावणात माझा मित्र गेला. सकाळी फिरायला गेला तो परतलाच नाही. तेरावा झाल्यावर वहिनींनी मला बोलावले. मुलगा पुण्याला नोकरीला, मुलगी परिचारिकेच्या शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला. गोदामावर बँकेचे कर्ज. शिवाय एक दिवाणजी, दोन हमाल आणि एक टेंपोवाला, अशी चार घरे त्या गोदामावर जेवत होती. अनुज्ञप्ती मित्राच्या एकट्याच्या नावाची. ती वारसाच्या नावाने करून घ्यायची तर अर्ज करायला हवा होता. मुलाने फोनवरच सांगून टाकले, "माझं नाव नको, काका. कंपनीत बरं दिसणार नाही. आईच्या नावाला माझी ना-हरकत पाठवतो." ना-हरकत दोन दिवसांत कुरिअरने आली. मुलाच्या नोकरीचे शिक्षण ज्या पैशांत झाले त्या पैशांचे नाव मात्र त्याला नको होते. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या वडिलांनी तरी ते नाव कुठे उघडपणे लावले होते?

राहिल्या वहिनी. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी कधी चुकली नाही, हरिपाठ तोंडपाठ. शिक्षण दहावीपर्यंतचे, पण अक्षर मोत्यांसारखे आणि वाचन दांडगे. मी कागद तयार करू लागलो. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, गोदामाचा नकाशा, थकबाकी नसल्याचा दाखला, नोकरांचे नोकरनामे. फोटोवाल्याने विचारले, "काकू, कशासाठी हवेत फोटो?" "परवान्यासाठी," वहिनी म्हणाल्या. "ह्या वयात गाडी शिकता? शाब्बास!" तो म्हणाला. वहिनी हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत.

चारित्र्याच्या पडताळणीला आलेला हवालदार तर त्यांच्याच आळीत लहानाचा मोठा झालेला. खाली मान घालून त्याने विचारले, "काकू, तुमच्यावर काही गुन्हा वगैरे?" वहिनींनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "एकदा शेजारच्यांची म्हैस अंगणात शिरली होती. तिला काठी मारली होती." हवालदाराने ते लिहून घेतले नाही. चहा घेऊन तो गेला. वहिनी मला म्हणाल्या, "चाळीस वर्षं वारी केली भाऊजी, पांडुरंगानं कधी दाखला मागितला नाही. दारू विकायची म्हटल्यावर चारित्र्य लागतंय." आम्ही दोघेही हसलो. त्या घरात श्रावणानंतर हसू आले ते त्या दिवशी.

पण सही करण्याचा दिवस आला तेव्हा वहिनींनी पेन उचलले नाही. म्हणाल्या, "आधी वाचते." माझ्या पस्तीस वर्षांत सही करण्याआधी सगळे कागद वाचणारा पक्षकार मी पाहिला नव्हता. लोक विचारतात, 'कुठे करू?' आणि करतात. वहिनींनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. कायद्याच्या नावापाशी थांबल्या. "भाऊजी, नाव बंदीचं आणि काम विक्रीचं?" मी मघाचा सारा इतिहास त्यांना सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि म्हणाल्या, "म्हणजे सरकारलाही लाज वाटते म्हणा की." मग नोकरनामे वाचले. दिवाणजींना आणि हमालांना बोलावून प्रत्येकाला विचारले, "तुझ्या घरी माहीत आहे ना, तू काय उचलतोस ते?" सगळ्यांच्या घरी माहीत होते.

मग त्यांनी जे मागितले ते अर्जाच्या कुठल्याच रकान्यात नव्हते. म्हणाल्या, "माल जातो कुठं ते दाखवा."

दिवाणजींनी वही आणली. दुकानदारांची नावे, गावे आणि महिन्याचा माल. वहिनींचे बोट एकेका ओळीवरून खाली सरकत होते. बाजाराचे गाव, कारखान्याचे गाव, घाटाखालचे गाव. एका ओळीवर बोट थांबले. ते त्यांच्या माहेरचे गाव होते.

मला ते ठाऊक होते. दिवाणजींना ठाऊक होते. त्या गावात दुकान आहे हे तर वहिनींनाही ठाऊक होते, एस. टी.च्या थांब्याशेजारीच ते आहे. त्या दुकानात माल कुठून येतो एवढेच त्यांनी कधी विचारले नव्हते, आणि माझ्या मित्राने कधी सांगितले नव्हते. वहिनींचा धाकटा भाऊ त्याआधी तीन वर्षांपूर्वी दारूने गेला होता. काविळीने गेला असे सांगतात. काविळीचे कारण सगळ्या गावाला माहीत होते. त्याच्या दहाव्याला नवराबायको दोघे जाऊन आली होती. माझा मित्र त्या दिवशी नदीच्या काठावर फार वेळ एकटाच बसला होता, हे वहिनींनी मला पूर्वीच सांगितले होते. तेव्हा त्यांना वाटले होते, मेहुण्यावर किती माया!

"साठ खोकी," वहिनी म्हणाल्या. मग पाटीवरचा हिशेब करावा तसा त्यांनी तोंडाने केला. "साठ गुणिले अठ्ठेचाळीस. दोन हजार आठशे ऐंशी. तीसनं भागले तर दिवसाला शहाण्णव. गावात घरं चारशे असतील." चष्मा काढून त्या थोडा वेळ पुसत बसल्या. "रोज शहाण्णवांतल्या निदान दोन माझ्या भावाच्या."

ठोक माल किरकोळ होताना मी त्या दिवशी पाहिला. साठ खोकी हा आकडा मी दर महिन्याला पाहत होतो, त्यावरचा कर काढत होतो. त्याला भागून एक माणूस काढता येतो हे गणित माझ्या टेबलावर कधी मांडले गेले नव्हते.

मी माझ्या बाजूने सांगायचे ते सांगितले. म्हणालो, "वहिनी, तुम्ही सही केली नाहीत तर जिल्ह्यातला दुसरा ठोक व्यापारी ही साठ खोकी पोचवील. एकही बाटली कमी होणार नाही." हे खरे होते. म्हणालो, "आणि परवान्याची दुकाने नसली तर लोक पीत नाहीत असे नाही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. त्या दारूत मिथेनॉल होते. त्या पिशव्यांवर कुणाचे नाव नव्हते, पास नव्हता. तुमच्या गोदामातल्या बाटलीवरून कारखान्यापर्यंत माग काढता येतो. परवाना म्हणजे निदान जबाबदार माणसाचे नाव तरी." हेही खरे होते. वहिनींनी मान डोलावली. म्हणाल्या, "नाव. तेच तर बघतेय."

दोन दिवस त्यांनी मागून घेतले. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा सगळ्या कागदांवर सह्या झालेल्या होत्या, आणि त्यांच्या गळ्यात माळ नव्हती.

मी पाहतो आहे हे त्यांच्या लक्षात आले. "महाराजांना विचारलं," त्या म्हणाल्या. "ते म्हणाले, माळ पिणाऱ्याला मना करते, विधवा बाईनं पोटासाठी धंदा चालवला तर पांडुरंग समजून घेईल. तो समजून घेईल हो. पण मला समजतं ना. देव्हाऱ्यात ठेवली आहे." मग थांबून म्हणाल्या, "कर्ज फिटू दे, पोरगी कमावती होऊ दे. माळ कुठं पळून जात नाही." त्यानंतरच्या आषाढीत त्यांनी दिंडीला शिधा पाठवला; स्वतः गेल्या नाहीत.

अनुज्ञप्ती त्यांच्या नावावर झाली तेव्हा त्यांनी आणखी एक गोष्ट केली. गोदामावर पूर्वी पाटी होती ती अशी की, परवान्याचा नंबर आणि नाव वाचायला भिंग लागावे. वहिनींनी नवी पाटी रंगवून घेतली. स्वतःचे नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव. खाली ठळक अक्षरांत 'देशी दारूची ठोक विक्री'. रंगाऱ्याने विचारले, "काकू, एवढं मोठं?" त्या म्हणाल्या, "येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला हवं." गावात काही दिवस कुजबूज झाली. मुलगा पुण्याहून फोनवर रागावला. पाटी राहिली. गणपतीच्या पावतीवरही त्या वर्षी प्रथमच पूर्ण नाव आले. आकडा मात्र वहिनींनी निम्म्यावर आणला. "हितचिंतक गेले," एवढेच त्या वर्गणीवाल्या पोरांना म्हणाल्या.

पुढच्या वर्षी त्यांच्या माहेरी बायकांनी दारूचे दुकान उठवायचे ठरवले. आपल्याकडे ह्याची एक रीत आहे, आणि ती शहरातल्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की सरकार गुप्त मतदान घेते. मतपत्रिकेवर दोन बाटल्यांची चित्रे असतात. एक उभी आणि एक आडवी. दुकान राहावे असे वाटणारीने उभीवर शिक्का मारायचा, जावे असे वाटणारीने आडवीवर. मात्र नुसते जास्त मत मिळून भागत नाही. यादीत जितक्या महिला मतदार आहेत त्यांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. म्हणजे जी बाई ऊसतोडीला गेली, जी बाळंतपणाला माहेरी गेली, जी सासरी नांदते पण जिचे नाव यादीतून अजून काढले नाही, ती सगळी मते, न देताच, उभ्या बाटलीची होतात.

सह्या गोळा करणाऱ्या बायका वहिनींकडेही आल्या. त्यांत त्यांची भावजय होती. दाराशी येऊन त्या घोटाळल्या. बोलावे की नाही, कळेना. वहिनींनी त्यांना आत घेतले, पाटावर बसवून जेवू घातले आणि म्हणाल्या, "माझी सही तुमच्या कामाची नाही ग. मी तुमच्या यादीत नाही. पण मतदानाच्या दिवशी रानातल्या बायकांना आणायला गाडी लागली तर सांगा." गाडी लागली. दारूची खोकी वाहणारा तो टेंपो त्या दिवशी मळ्यामळ्यांतून बायका गोळा करीत हिंडला.

आडव्या बाटलीला उभीपेक्षा कितीतरी जास्त मते पडली. तरीही निम्म्याचा आकडा गाठायला चोवीस मते कमी पडली. दुकान राहिले.

संध्याकाळी वहिनींचा मला फोन आला. "धंदा वाचला माझा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पेढे वाटू, की सुतक धरू?" ह्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. अजूनही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या दुकानाचे खाते बंद केले. मी पुन्हा तेच सांगितले, की तो दुकानदार दुसरीकडून माल उचलील. त्याने तसेच केले. वहिनींच्या वहीतली साठ खोकी दुसऱ्याच्या वहीत गेली. हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर गावातली दारू कमी झाली नाही. फक्त वहिनींचे उत्पन्न कमी झाले. मी हिशेबाचाच माणूस आहे, आणि माझ्या हिशेबात ह्या साऱ्या उलाढालीची बेरीज शून्य येते. पण एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे. आमच्या गावात लक्ष्मीपूजनाला मी ज्या दहाबारा पेढ्यांवर जातो, त्यांतल्या कितीजणांनी आपला माल शेवटी कुणाच्या तोंडी जातो ते वही उघडून पाहिले असेल? औषधे फवारणीचा दुकानदार, खाद्यतेलात मिसळ करणारा, उधारीवर व्याज लावणारा, आणि त्या सगळ्यांचे अर्ज भरणारा मी. आम्ही सारे ठोक माणसे. वहिनींनी मात्र आपल्या वहीतल्या एका ओळीचा किरकोळ हिशेब केला आणि तो भरला. एवढे करणारे माणूस मला धंद्यात दुसरे भेटलेले नाही.

परवान्याच्या बाजूचे माझे मत बदललेले नाही. पिणारा पिणारच असेल तर बाटलीवर नाव असलेले बरे. पण नाव हे नुसते तपासणीला आलेल्या साहेबाला दाखवण्यासाठी असते असे मी पूर्वी समजत होतो. ज्याचे नाव आहे त्याने ते स्वतः एकदा वाचायचे असते, हे मला वहिनींच्या टेबलाशी कळले.

दर फेब्रुवारीत वहिनी नूतनीकरणासाठी माझ्याकडे येतात. पहिल्याच वर्षी त्यांनी सांगून ठेवले, "भाऊजी, दोन अर्ज तयार ठेवत चला. एक चालू ठेवायचा आणि एक परत करायचा." तेव्हापासून मी दोन्ही छापून ठेवतो. दोन्ही त्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. आजवर तीन वेळा त्यांनी नूतनीकरणाच्या अर्जावर सही केली आणि दुसरा घडी करून पिशवीत घातला.

मुलीला गेल्या जूनमध्ये नोकरी लागली. बँकेच्या कर्जाचा शेवटचा हप्ता येत्या मार्चमध्ये आहे. एक मात्र आहे, की दोन हमालांपैकी एकाच्या मुलाला यंदा अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला आहे आणि त्याच्या फीची जबाबदारी वहिनींनी घेतली आहे. तेव्हा फेब्रुवारीत त्या कुठल्या कागदावर सही करतील हे मला सांगता येत नाही. मी विचारतही नाही. ह्या दिवाळीत त्यांच्याकडून फराळाचा डबा आला आहे. करंज्या नेहमीसारख्या खुसखुशीत आहेत. आणि माझ्या खणात दोन्ही अर्ज छापून तयार आहेत. तारखेची जागा तेवढी कोरी आहे.